एकाच वेबसाइटचे तीन भाव

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. आधी त्याचा सारांश देतो.

सासऱ्यांचं बेरिंग, ऑइल सील आणि ट्रॅक्टर-पंपाच्या सुट्या भागांचं जुनं दुकान आहे. गेल्या चार वर्षांपासून हिशोब आणि माल त्या स्वतः बघतात. यादीत ३,८०० च्या आसपास आयटम आहेत. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर अशा गावांतले साठेक डीलर रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून ‘हे हाय का, भाव काय’ असं विचारतात. त्याला उत्तरं देण्यातच त्यांचा अर्धा दिवस जातो. म्हणून डीलरला लॉगिन करून माल शोधता येईल, स्वतःचा भाव दिसेल आणि ऑर्डर टाकता येईल अशी वेबसाइट करायचं त्यांनी ठरवलं आणि तीन कोटेशनं मागवली. भाच्याच्या मित्राने २२,००० रुपये सांगितले, राजारामपुरीतल्या एका स्वतंत्र डेव्हलपरने १,३५,००० आणि पुण्याच्या एका कंपनीने ४,२५,०००. “मामंजी म्हणतात, पोरगा घरचाच हाय, बावीस हजारात करून घे, बाकीचे लुटायला बसल्यात. मला मात्र तिन्ही आकड्यांतला एकही खरा वाटत नाही. एकाच कामाचे असे तीन भाव कसे?” सोबत त्यांनी यादीची एक्सेल फाइलही पाठवली आहे, भावासकट.

ताई, भावासकट फाइल परक्या माणसाला पाठवलीत, हे पहिल्यांदा बंद करा. माझं सोडा, पण तीच फाइल तुम्ही तिन्ही कोटेशनवाल्यांनाही पाठवली असणार. तुमचे डीलरचे भाव म्हणजे तुमची तिजोरी आहे. नमुना द्यायचा तर पन्नास ओळी द्या आणि भावाच्या जागी काहीही आकडे टाका.

आता तीन भावांचं. तुमचा निम्मा गिऱ्हाईक फौंड्री आणि मशीन शॉपवाला आहे, म्हणून तिथलंच सांगतो. शिरोलीच्या फौंड्रीत दोन कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ठेवली, दोन्हीचं वजन दहा किलो. एक साधं ब्रॅकेट, दुसरं पंपाचं केसिंग. किलोचा दर दोन्हीला सारखा लागेल का? केसिंगच्या आत पोकळी आहे, ती राखणारा वाळूचा कोअर घडवायला वेगळी कोअर बॉक्स करावी लागते, कोअर भाजावा लागतो, तो साच्यात नीट बसवावा लागतो, आणि जरा हलला की माल रिजेक्ट. वेबसाइटचं तसंच असतं. बाहेरून दोन्ही साइट दहा पानांच्याच दिसतात, पण पैसे जातात ते आतल्या कोअरला. तुमच्या साइटचा कोअर म्हणजे कुठला भाग कशाला बसतो, कुणाला कुठला भाव दिसतो आणि तो कधीपासून लागू, हे सगळं सांभाळणारा डेटाबेस. ज्याने फक्त बाहेरचा आकार बघितला त्याने बावीस हजार सांगितले. ज्याने कोअर बघितला त्याने एक पस्तीस. तिसऱ्याने कोअरबरोबर सोन्याचा मुलामाही धरलाय. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. तिघांनी वेगवेगळ्या कामाचा भाव सांगितला आहे, कारण काम काय आहे हे तुम्ही कुणालाच लिहून दिलेलं नाही. पत्रासोबतची ‘रिक्वायरमेंट’ मी वाचली. चार ओळी. त्यातली एक, “साइट छान आणि फास्ट पाहिजे.”

दिवसांचा हिशोब मांडून बघू, मग अंदाज येतो. कोल्हापुरात नोकरीत महिना चाळीस हजार मिळवणारा डेव्हलपर पंचवीस दिवस धरले तर दिवसाला १,६०० रुपयांचा पडतो. तोच स्वतःच्या जिवावर काम करायला लागला की मधले रिकामे दिवस, लाइट बिल, इंटरनेट, लॅपटॉप, बुडीत पैसे हे सगळं त्यालाच भरून काढायचं असतं. त्याने दिवसाला २,८०० धरले तर मी त्याला महाग म्हणणार नाही. तुमचं काम माझ्या अंदाजाने असं जाईल: डेटाबेसच्या टेबलांची आखणी करून यादी आत घ्यायला सहा दिवस, शोध आणि मालाची पानं दहा, तुम्ही आत बसून भाव-माल बदलणार ती बाजू आठ, डीलरचं लॉगिन आणि वेगवेगळे भाव सात, ऑर्डर सहा, तपासणी आणि तुम्हाला शिकवणं पाच. झाले ४२ दिवस. गुणिले २,८००, म्हणजे साधारण १,१८,००० रुपये. राजारामपुरीवाल्याने यात टॅलीला, म्हणजे तुमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला, जोडणी आणि ऑनलाइन पेमेंटही धरलंय, ते अजून अकराएक दिवस होतात. म्हणजे माझ्या हिशोबात दीड लाखाच्या जवळ जातं आणि तो एक पस्तीसमध्ये करतोय. त्याच्याशी घासाघीस करू नका. उलट काम कमी करा, ते कसं ते पुढे सांगतो.

बावीस हजार भागिले २,८००, आठसुद्धा दिवस होत नाहीत. आठ दिवसांत काय होतं? वर्डप्रेस हा साइटचा तयार सांगाडा टाकायचा, त्यावर दुकानासाठीचं वूकॉमर्स बसवायचं, एखादी तयार थीम, तुमचा लोगो, दुकानाचा फोटो. वाईट काही नाही त्यात. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स दोन्ही फुकट आहेत आणि कपड्याचं किंवा मसाल्याचं दुकान असतं तर मीच म्हटलं असतं, करा. पण साठ डीलरांना साठ तऱ्हेचे भाव आणि एक भाग पंधरा मशिनला, हे आलं की वर प्लगइनवर प्लगइन (बाहेरून बसवायचे जोड) चढवावे लागतात, त्यातल्या कित्येकांचे पैसे दर वर्षी भरायचे असतात, आणि एक अपडेट झालं की दुसरं रुसतं. त्यावेळी पोराची परीक्षा चालू असणार.

पुण्याच्या कोटेशनमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन अशी दोन अ‍ॅप आहेत, शिवाय ‘एआय चॅटबॉट’. मुरगूडचा डीलर आयफोनवरून ऑइल सील मागवतोय हे दृश्य मला डोळ्यांसमोर आणता आलं नाही. अ‍ॅप स्टोअरमध्ये ठेवायला अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात, गूगल प्लेला एकदाच २५. हा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च ती दोन अ‍ॅप जन्मभर सांभाळण्याचा. मोबाइलवर नीट उघडणारी वेबसाइट तुम्हाला पुरते. अ‍ॅप आणि चॅटबॉट काढले तर त्यांचा आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास येईल, आणि एका माणसाऐवजी डिझाइनवाला, तपासणीवाला, मीटिंग घेणारा असे चौघे असतील तर तेवढं होतंच. त्यांना लुटारू म्हणायचं कारण नाही, मामंजींना सांगा.

आता तुमच्या फाइलकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. २१४ नंबरच्या ओळीत आहे, ‘बेरिंग ६२०४ झेडझेड’, १४० रुपये. खाली ११८७ ला, ‘६२०४ २आरएस पंप’, १५५. आणि २९०३ ला, ‘मोटर बेरिंग ६२०४’, ९०. हे तीन आयटम आहेत की एक? माप तर तिन्हीचं तेच. शेवटच्या ०४ ला पाचाने गुणलं की २० मिलिमीटरचं भोक, बाहेरून ४७, जाडी १४. पहिल्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबराचं सील, म्हणजे हे दोन खरंच वेगळे. तिसरा? तो उघडा आहे, जुन्या भावाचा आहे, की हलक्या मेकचा, हे तुमच्या फाइलला ठाऊक नाही. मामंजींना आहे. माल हातात घेतला, बोटाने फिरवला की ते सांगतील. तुमच्या दुकानाचा डेटाबेस आज मामंजींच्या डोक्यात आहे, आणि डेव्हलपर कितीही हुशार असला तरी त्याला तो तिथून काढता येणार नाही.

असे घोटाळे मी मोजायला घेतले आणि पाचशे ओळींनंतर सोडून दिले. ‘ऑइल सील’, ‘ऑईल शील’, ‘ओ. सील’ अशी एकाच मालाची तीन नावं. ऑइल सीलचं माप कुठं शाफ्ट-बाहेरचा व्यास-जाडी असं ३५-५२-७, तर कुठं नुसतं ‘३५ चं’. आणि शेवटच्या आठशे ओळी उघडल्या की नावाच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी. त्या जुन्या श्रीलिपीत किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेल्या असणार. त्या काळी आपल्याकडे सगळेच तसं करायचे, तुमची चूक नाही. पण ती युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी, अक्षरं नाहीत, म्हणून शोधात ती कधीच सापडणार नाहीत. आधी बदलून घ्यावी लागतील.

ही साफसफाई डेव्हलपर करत बसला तर त्याच्या दिवसाच्या भावाने करेल, आणि चुकीची करेल, कारण ६२०४ आणि ६३०४ मधला फरक त्याने फक्त स्क्रीनवर बघितलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं की आत्ता कुणालाच वेबसाइटची ऑर्डर देऊ नका. आधी यादी. आणि इथंच भाच्याच्या मित्राचा प्रश्नही सुटतो. त्याला नाही म्हणायचं जिवावर आलंय हे पत्रात तीनदा लिहिलंय तुम्ही. मग नाही म्हणू नकाच. त्याला यादीचं काम द्या, फुकट किंवा ‘चहापाण्यावर’ नाही, रीतसर पंधरा हजार ठरवून. संध्याकाळी दुकान जरा निवांत असतं तेव्हा तो लॅपटॉप घेऊन मामंजींच्या शेजारी बसेल, ड्रॉवर एकेक बाहेर निघेल, प्रत्येक भागाला एक कोड, एक नाव, माप, मेक. रोज सव्वाशे ओळी झाल्या तरी महिन्याभरात संपतंय. पोरगं कामाला लागतं, नातं राहतं, आणि मामंजींना पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडून शिकायला बसलंय असं वाटतं. ते नंतर वेबसाइटला विरोध करणार नाहीत बघा.

यादी चालू असताना दुसऱ्या कागदावर नियम लिहा. कुठला डीलर कुठल्या भावाचा, पाच-सहा गटांत बसवता आले तर उत्तम. साठ वेगळे भाव ठेवायचा हट्ट महाग पडतो. उधारी थकली तर ऑर्डर घ्यायची की अडवायची. ‘दहाच्या पटीत’ विकला जाणारा माल कोणता. असं एक ते दीड पान भरलं की ते तिघांनाही पाठवा आणि पुन्हा भाव मागा. आकडे बरेच जवळ आलेले दिसतील.

ते भाव सांगायला येतील तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचारा. तुम्हाला कॉम्प्युटर येण्याची गरज नाही, फक्त उत्तर देताना चेहरा बघा.

पहिलं: “हा ६२०४ चार पंपांना आणि दोन मोटरींना बसतो. ते कुठं लिहून ठेवणार?” जो म्हणेल ‘मालाच्या माहितीत लिहू, स्वल्पविराम देऊन’, त्याला चहा पाजून सोडा. एक भाग अनेक मशिनना आणि एका मशिनला अनेक भाग, असं असलं की भागांचं एक टेबल, मशिनचं एक, आणि या दोघांच्या जोड्या ठेवणारं मधलं तिसरं टेबल लागतं. हे न विचारता सांगणारा माणूस तुमचा. या एका गोष्टीवर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत, कारण डीलर भागाचं नाव घेऊन येत नाही, तो म्हणतो “पाच एचपीच्या पंपाचं ते पुढचं बेरिंग द्या.”

दुसरं: “जीएसटी बदलला तर किती ठिकाणी बदलायचं?” हा काही काल्पनिक प्रश्न नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरच्या ठरावीक भागांवरचा कर १८ चा ५ टक्के झाला, मोटारींच्या भागांवर २८ चा १८. ज्यांच्या साइटवर कर प्रत्येक मालाच्या ओळीत कोंबलेला होता त्यांना ओळ न् ओळ शोधत बसावं लागलं. एचएसएन कोडला (मालाच्या प्रकाराच्या सरकारी नंबरला) कर जोडलेला असेल तर एका जागी आकडा बदलायचा, झालं.

तिसरं: “आज भाव वाढवला तर मागच्या महिन्याच्या ऑर्डरवर कुठला दिसेल?” जुनाच दिसला पाहिजे. म्हणजे ऑर्डर घेताना त्या वेळचा भाव ऑर्डरच्या ओळीत उतरवून ठेवायचा. हे नवखा माणूस हमखास विसरतो, आणि मग निपाणीच्या डीलरशी तुमचं भांडण लागतं.

काम कमी करायचं म्हणालो होतो. टॅलीला थेट जोडणी आत्ता काढा. शिल्लक क्षणाक्षणाला जुळती ठेवायची म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर आणि साइट सतत बोलत राहिले पाहिजेत, आणि काउंटरवर रोखीने गेलेला माल तुम्ही रात्री टॅलीत टाकणार. मग जोडून उपयोग काय? त्याऐवजी रोज रात्री टॅलीतून एक्सेल काढून साइटवर चढवा, आणि आकडा दाखवण्याऐवजी नुसतं ‘आहे’ किंवा ‘विचारा’ एवढंच दाखवा. ऑनलाइन पेमेंटही काढा. तुमचे डीलर उधारीवर माल नेतात आणि बँकेत किंवा यूपीआयने पैसे टाकतात. यूपीआयला आज तुम्हाला काही कापलं जात नाही. पेमेंट गेटवे कार्ड किंवा नेटबँकिंगवर साधारण दोन टक्के घेतो आणि त्या शुल्कावर जीएसटी. पन्नास हजारांच्या ऑर्डरला ११८० रुपये गेले. बेरिंगच्या धंद्यात ते कुणाच्या खिशातून जाणार हे मी सांगायला नको. ही दोन कामं काढली की राजारामपुरीवाला एक लाख पाच हजाराच्या जवळ यावा.

(साइट अजिबात नकोच, व्हॉट्सअ‍ॅपवरच भागवू का, असंही विचारलंय. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू मावतात. जास्त खपाचा माल आजच त्यात टाका, फुकट आहे. वेबसाइट होईपर्यंत तुमचा निदान तासभर वाचेल.)

पैसे देण्याची रीत फौंड्रीचीच ठेवा. सगळा लॉट ओतायच्या आधी सॅम्पल पास होतं ना? तसं. सुरुवातीला वीस टक्के. मग फक्त शंभर आयटम आणि दोन डीलर घालून चालणारी साइट दाखवली की तीस. पूर्ण यादी, सगळे भाव, तुमच्या हाताने दहा ऑर्डरी टाकून झाल्या की अजून तीस. उरलेले वीस एक महिना वापरल्यावर. चांगला माणूस याला हरकत घेत नाही. मात्र तुम्हीही ‘अजून हे एक बारकं बघा की’ असं रोज सांगू नका. नवीन सुचलेलं वहीत लिहा, महिन्याने एकत्र भाव मागा.

पॅटर्न, म्हणजे साचा ज्यावरून काढतात तो नमुना, कुणाचा, हे मात्र पहिल्या दिवशी ठरवा. फौंड्रीत पॅटर्नचे पैसे पार्टीने दिले की पॅटर्न पार्टीचा. दुसऱ्या फौंड्रीत उचलून नेता येतो. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप तसं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा, पण बाहेरच्या माणसाने करून दिलेला कोड, तुम्ही पूर्ण पैसे मोजले तरी, लेखी हस्तांतर केलं नसेल तर त्याचाच राहतो. आणि लेखी केलं पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आणि सही हवी. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवरून घेतलेलं. सर्व्हरचं खातंही तसंच. पासवर्ड डेव्हलपरला द्यायचा, त्याच्याकडून घ्यायचा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या भावाची गुळाची अडत आहे. त्याच्या साइटचं डोमेन करणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्याच नावावर घेतलं. पुढे तो पुण्याला गेला, नंबर बदलला, मुदत भरायची राहिली आणि नाव दुसऱ्याच कुणी उचललं. भावाच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर अजून तोच पत्ता आहे, आणि तो उघडला की जुगाराची जाहिरात येते. एक हजार रुपयांचं नाव होतं हो.

वर्षाचा खर्च मामंजींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी घरात वाद. डोमेनचे हजारभर, सर्व्हरचे महिना आठशे धरले तर साडेनऊ हजार, आणि देखभालीला कामाच्या किमतीच्या पंधरा ते वीस टक्के. सगळं मिळून तीसेक हजार. साइटचं कुलूप, म्हणजे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, फुकट मिळतं. कुणी त्याचे वेगळे पाच हजार लावले तर विचारा कशाचे. डेव्हलपर जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलावर १८ टक्के येतील, ते तुम्ही क्रेडिटमध्ये घेऊ शकता. टीडीएस कापायचा की नाही ते तुमच्या उलाढालीवर ठरतं. सीएला आधी विचारा, बिल आल्यावर नव्हे.

बॅकअपबद्दल तुम्ही लिहिलंय की दुकानातल्या डिस्कवर रोज घेता. डिस्क कुठं ठेवता? त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असणार. २०१९ ला पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं आणि २०२१ ला पुन्हा आलं, हे लक्ष्मीपुरीतल्या माणसाला मी काय सांगू. एक प्रत शहराबाहेरच्या सर्व्हरवर रोज आपोआप गेली पाहिजे, आणि तीन महिन्यांतून एकदा ती परत चढवून बघायला सांगा. न उघडणारे बॅकअप मी आजवर बरेच बघितलेत.

यादी झाली, दीड पान लिहून झालं की ते पान मला पाठवा. भाव खोडून. वाचून कुठं भोक राहिलंय ते सांगेन, त्याचे पैसे नकोत, निपाणीच्या डीलरला माझ्या स्कूटरचं एक बेरिंग विचारायचंय तेवढं बघा. आणि त्या ६२०४ च्या तीन ओळींचं मामंजींना आजच विचारा. मला ती नव्वद रुपयांची खटकते. कुणीतरी त्याच भावाने अजून माल नेत असणार.